भाजीचं पाणी

थंडी पडली की माझ्या मोबाइलवर भाज्यांचे उपदेश सुरू होतात. मेथी खा, पालक खा, मुळ्याचा पाला टाकू नका, हरभऱ्याच्या पाल्यात ताकद असते. शाळेतल्या बाई पाठवतात, नात्यातल्या बायका पाठवतात, आणि खाली हात जोडलेले असतात. मी शिक्षिका आहे, वर्गाच्या भिंतीवर पालेभाज्यांचं चित्र मीच चिकटवलं आहे, तेव्हा त्यात खोटं काही नाही हे मला कळतं. तरी ते निरोप मी वाचत नाही, पुसून टाकते. भाजीतली ताकद काय करू शकते ते मी एका हिवाळ्यात पाहिलं आहे.

आमचं गाव आदिलाबादजवळ, गुडीहत्नूरच्या हायवेपासून आत. पावसाळ्यात कापूस, ज्वारी, तूर, आणि थंडीत हरभरा. हरभरा वीतभर झाला की आई खुडायला जायची. नुसता शेंडा घ्यायचा, नखाने. खुडलं की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून बाबांची त्याला हरकत नसायची. फूल दिसलं की खुडणं बंद. पाल्यावर आंबट खार असतो, त्याने तिची बोटं चिरायची, आणि ती ओटी भरून घरी आली की आम्ही पोरं ती बोटं चोखायचो. ही भाजी आमच्याकडे धूत नाहीत. धुतली की खार जातो आणि उरतो तो गुरांचा चारा, असं तिचं म्हणणं.

बाकीच्या पालेभाज्या ती धुवायची, पण शिजल्यावर त्यांचं पाणी कधी फेकायची नाही. मेथीचं, चाकवताचं, शेपूचं, जे असेल ते पाणी जिरं-मीठ घालून गिलासात यायचं. तापातून उठलेल्याला ते, बाळंतिणीला ते, परीक्षेला बसलेल्यालाही तेच. मला त्याचा वास मुळीच आवडत नसे, नाक दाबून प्यायले आहे. पण भाजीचं सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरतं, हे मी कोणी न शिकवता शिकले होते. बाबांचा तर त्यावर देवासारखा विश्वास होता.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी दोघांना आदिलाबादला माझ्याकडे आणलं. नवरा नोकरीसाठी हैदराबादला, मुलगी त्याच्याकडे शिकायला, त्यामुळे घरात जागा होती. शेत बाबांनी बटईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला दिलं. आठवड्यातून ठरलेल्या वारी आईला डायलिसिसला न्यायचं. आई त्याला ‘रगत धुनं’ म्हणायची. ‘आज रगत धुवाले जायाचं हाय ना?’ असं कपडे धुवायला ओढ्यावर जावं तसं विचारायची. प्यायचं पाणी मोजून. दिवसभराचं पाणी एका तांब्यात, आणि तांब्या रिकामा झाला की झाला. थंडीत तहान कमी लागते म्हणतात, तिला मात्र सारखी लागायची. ओठ ओले करायला ती दस्तीचं, म्हणजे हातातल्या फडक्याचं, टोक तांब्यात बुडवायची.

काय खायचं ते समजावायला डायलिसिसच्या दवाखान्यात एक बाई होत्या. अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू. नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, केळी बंद. पालेभाजी खायची तर थोडी, आणि तीही बारीक चिरून आधी कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकळायची, तेही पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. कारण भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि आईच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साचलं तर हृदय बंद पडू शकतं, असं त्या बाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. आईने एकच विचारलं, ‘हरभऱ्याची भाजी?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, थोडीशी, तशीच करून. आईने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले, जणू काही घासाघीस करून तिनेच जिंकलं होतं.

बाबा भिंतीशी उभे राहून सगळं ऐकत होते. ऑटोत बसल्यावर म्हणाले, ‘मंग त्यात राह्यलं काय?’

‘चव राहते थोडीशी,’ मी म्हटलं.

‘अन् ते पोटॅशियम म्हंजे आपलं पोटॅशच ना? पऱ्हाटीले टाकतो ते?’

मी म्हटलं हो, कपाशीला टाकतो तेच. मला उलट बरं वाटलं की त्यांना पटकन कळलं. बाबा रस्त्याकडे बघत राहिले.

पहिल्यांदा मी हरभऱ्याचा पाला भिजवला तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पाला ते स्वतः गावाहून घेऊन आले होते. इथल्या रैतू बझारात भाज्यांचे ढीग असतात, पण बाबांना त्यातलं काही पसंत नव्हतं. बाजारातला पाला फवारलेला, शिळा, पाणी मारून उभा केलेला. म्हणून ते सकाळच्या बसने गुडीहत्नूरला उतरायचे, तिथून मिळेल त्या गाडीने गावात, आणि दुपारच्या आत पिशवी भरून परत. शेत सुटल्यापासून त्यांच्या हाताला तेवढंच काम होतं. अंगावर घोंगडी, कानाला दस्ती बांधलेली, आणि पिशवीतून कधी हरभरा, कधी करडईचा पाला, कधी तुरीच्या शेंगा. तुरीच्या शेंगा मीच खायचे. आईला त्याही बंद.

मी पहिलं पाणी मोरीत ओतलं. मग उकळून दुसरं ओतलं. हिरवंगार, वाफाळतं पाणी जाळीतून खाली गेलं.

‘सारं सत्त्व मोरीत सांडून राह्यली तू,’ बाबा म्हणाले.

‘बाबा, तेच सांगतलं ना त्या बाईनं. तुमी होते ना तिथं?’

‘होतो. म्हून तं म्हनतो.’

मी चिडले. मला शाळेत जायचं होतं, कुकर लावायचा होता आणि सकाळच्या वेळी शिकवणी घ्यायची माझी तयारी नव्हती. आई पलंगावरून म्हणाली, ‘अवो, करू द्या तिले. मास्तरीन हाय ते.’ ही तिची नेहमीची चेष्टा. मी रागावले की तिच्यासाठी लगेच मास्तरीण व्हायचे.

भाजी आईने दोन घास खाल्ली. अगदी लगदा झाला होता, खाराचा मागमूस नव्हता. ती म्हणाली चांगली झाली. आई माझ्याशी खोटं बोलायची तेव्हा ती माझ्याकडे न बघता भाकरीकडे बघायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी मला चकित केलं. म्हणाले, ‘तू जा शाळेत. भाजी मी पाह्यतो.’ ज्या माणसाने जन्मात चुलीवरचं दूध उतरवलं नव्हतं तो म्हणत होता की भाजी मी पाहतो. मी त्यांना चिडवलं, की बाबा, उद्या मला पोळ्या पण लाटून ठेवा. पण मनातून मी हरखले होते. त्यांना सगळी रीत नीट दाखवली. त्यांनी विळी पुढे ओढली आणि पाला असा बारीक चिरला की मला माझ्याच चिरण्याची लाज वाटली. भिजवायचं, ओतायचं, उकळायचं, ओतायचं. एकही पायरी चुकली नाही. दोन दिवस मी बघितलं आणि मग निर्धास्तपणे शाळेत जाऊ लागले. तिथे सहकारी बायकांना सांगितलंही, माझे बाबा आता स्वयंपाक करतात. त्या बायकांना ते खरं वाटेना.

संध्याकाळी घरी आले की अंगणात उन्हाची शेवटची पट्टी असायची आणि तीत दोघं बसलेले असायचे. आई खाटेवर, बाबा खाली. आमच्या गावच्या घरात मी त्यांना असं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिथे बाबा ओट्यावर असायचे आणि आई आत. मला वाटायचं, आजारपणाने निदान एवढं तरी दिलं.

पण आई बरी दिसेना. आधी पाय जड झाले. मग उठताना हात धरावा लागू लागला. एका सकाळी ती म्हणाली की पाय माझे नाहीतच. डायलिसिसचा वार दुसऱ्या दिवशी होता, पण तिचा आवाज ऐकून मी शाळेला निरोप पाठवला आणि तिघं ऑटोने दवाखान्यात गेलो. तिथे त्यांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, आणि ती पट्टी पाहिल्यावर सगळे एकदम भराभर चालू लागले. मी इतकी वर्षं दवाखाने पाहते आहे. माणसं हळू चालत असली तर काळजी नसते.

सुई दिली, रक्त काढलं, तिला लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टर तरुण होते. बाहेर येऊन त्यांनी हिंदीत विचारलं, काय खायला देता? नारळपाणी? फळं? रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलं आहे, आणखी थोडा उशीर झाला असता तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी म्हटलं, काही नाही, भाजीसुद्धा दोनदा पाणी काढून. ते म्हणाले, हे शक्य नाही. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, मला कळतं. माझा आवाज चढला होता. या माणसाला वाटतं आहे की आम्ही गावंढळ, सांगितलेलं पाळत नाही, असं मला वाटलं आणि तो अपमान मला सोसवला नाही.

तेव्हा बाबा पुढे आले. त्यांना आमच्या बोलण्यातून एवढंच कळलं होतं की आईला नीट खायला दिलं जात नाही असा डॉक्टरांचा संशय आहे. ते मोडक्या हिंदीत, पण ठामपणे म्हणाले की साहेब, खाण्यापिण्यात कसूर नाही. माझी मुलगी भाजीचं सत्त्व फेकायला सांगते, पण मी फेकत नाही. रोज दुपारी जिरं घालून, गरम करून, सगळं पाणी मीच हिला पाजतो.

डॉक्टरांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी सावकाश सांगितलं की बाबा, तेच पाणी तिला मारतं आहे.

बाबा माझ्याकडे वळले. ‘काय म्हनून राह्यले ते?’ त्यांना कळलं होतं. त्यांना फक्त ते माझ्या तोंडून वेगळं ऐकायचं होतं.

मी त्या व्हरांड्यात ओरडले. लोक तेलुगू बोलणारे होते, पण मी काय बोलत होते ते समजायला त्यांना भाषा लागली नसेल. ‘तुमाले सांगतलं होतं ना! काऊन केलं असं? मारून टाकता काय तिले?’

बाबा म्हणाले, ‘पऱ्हाटीले पोटॅश कमी पडलं की पानाच्या कडा करपतेत. हे बी तशीच करपून राह्यली होती. म्या म्हनलं, इले तेच कमी पडून राह्यलं.’

एवढंच. यात बचाव नव्हता, ते मला हिशोब सांगत होते. जन्मभर त्यांनी पानं बघून रान ओळखलं होतं, आणि समोर बायको वाळत होती. मग ते जिना उतरून गेले. मी गेले नाही त्यांच्या मागे. माझ्या रागाला तेव्हा डोळे नव्हते.

दुपार कलली तशी आई सावरली. हातपाय हलवू लागली. मशीनच्या शेजारी मला स्टूल दिलं होतं. तिने आधी विचारलं, ते कुठं हायेत? मी सांगितलं, फाटकाजवळ चहाच्या टपरीशी बसलेत, तोंडावर दस्ती टाकून. मग मी सगळं सांगितलं, ते पाणी, ते पोटॅश. आई छताकडे बघत ऐकत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

‘तुले मालूम होतं?’

‘हाव,’ आई म्हणाली. ‘त्या बाईनं सांगतलं तवा मी बी होती ना तिथं.’

‘मंग काऊन पेली, माय?’

नळीतून तिचं रक्त जात-येत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. ती म्हणाली, ‘तहान लागे व. हे एक. अन् दुसरं, जलमभर त्यायनं मले कधी पान्याचा गिलास देल्ला नाही. मीच देत आली. आता हातानं रांधून, जिरं घालून, फडक्यात धरून आनत. मी पिऊन होईस्तोवर उभे राहत. म्हनत, चांगलं लागते? आता त्यायले मी नाही कशी म्हनू?’

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि या वेळी तो तिच्यावर होता. तो जीव काय तिच्या एकटीचा होता? मी रोज दोन पाणी ओतत होते, रजा टाकत होते, ऑटोवाल्यांशी भांडत होते, ते कशासाठी? मी तसं बोलूनही दाखवलं. आईने माझा हात धरला. तिची बोटं आता गुळगुळीत झाली होती, खाराच्या चिरा केव्हाच बुजल्या होत्या.

‘पानी बाकी चांगलं करत होते,’ ती म्हणाली. ‘जिरं बरोबर पडे. त्यायले सांगू नोको मले मालूम होतं म्हून. जलमभर मन खात राहीन त्यायले.’

मी कबूल केलं. आजवर पाळलं आहे.

त्यानंतर बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडेही फिरकेनात. जेवायला बसले तरी आईच्या ताटाकडे बघत नसत. गावाला जाणं बंद, पिशवी खुंटीला. मी पुन्हा सकाळी उठून बाजारातली भाजी चिरू लागले आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटत होतं. पण आईने जेवायचं सोडलं. भांडली नाही, ताट नुसतं बाजूला सारायची. विचारलं तर म्हणाली, ‘माही भाजी तेच करतीन.’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग राहू दे. मास्तरणीचं कोणापुढे चाललं असेल तर ते वर्गातल्या मुलांपुढे. आईपुढे मी हात टेकले.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली आणि बाबांना हाक मारली. बाबा आले. पाला आधीसारखा बारीक पडत नव्हता. भिजवला. पाणी मोरीत ओतलं आणि पातेलं उलटं करून तिला दाखवलं. तिने मान हलवली. उकळला, ओतलं, पुन्हा पातेलं दाखवलं. तिने पुन्हा मान हलवली. मी कणीक मळत पाठमोरी उभी होते. हे रोज होऊ लागलं. हिवाळा संपेपर्यंत, हरभऱ्याला फूल लागून पाला निबर होईपर्यंत बाबांनी तिला रोज रिकामं पातेलं दाखवलं, आणि ती ती सपक भाजी भाकरीकडे न बघता खात राहिली.

पुढची थंडी तिला दिसली नाही. उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. हृदय थकलं होतं, त्या पाण्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मुद्दाम बाबांना त्यांच्याकडे घेऊन गेले, त्यांच्याच तोंडून ऐकवलं. बाबांनी हात जोडून ऐकून घेतलं. पटलं की नाही ते मला ठाऊक नाही. तेराव्यानंतर ते गावी परत गेले. मी राहा म्हटलं, पण ते राहिले नाहीत.

या हिवाळ्यात मी एका रविवारी गावी गेले. आदिलाबादची थंडी काय असते ते ज्याने सोसली त्यालाच माहीत. बसच्या खिडक्या लावूनही दातावर दात वाजत होते. गावात शिरले तर शेतांमधून हरभरा हिरवागार, वीतभर झालेला. बाबांनी सकाळीच खुडून आणला होता. भाकरी शेजारच्या घरातून येतात, भाजी मात्र ते स्वतः करतात.

मी ओसरीत बसून पाहत होते. पाला त्यांनी चिरला, पहिल्यासारखा बारीक. कोमट पाण्यात भिजवला. ते पाणी ओतून आले. मग उकळला आणि पातेलं फडक्यात धरून मोरीशी नेलं, तेही पाणी ओतलं. पातेलं उलटं केलं. क्षणभर ते तसंच धरून उभे राहिले आणि मग चुलीकडे वळले.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘आता पानी कायले टाकता? तुमाले थोडंच काही झालं हाय?’

त्यांनी फोडणीत लसूण टाकला. ‘मले एवढीच भाजी येते,’ म्हणाले.

आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. भाजी आईने खाल्ली तशीच होती, मऊ, सपक, खार गेलेली. मी ती खाल्ली. बाबा खाली मान घालून खात होते. मधेच म्हणाले, ‘तिनं एकडाव बी नाही म्हनलं नाही व. एकडाव बी. मले वाटे, तिले आवडून राह्यलं.’

मी आईला शब्द दिला होता. पण तिने सांगितलेलं सगळंच काही लपवायचं नव्हतं.

‘आवडत होतं,’ मी म्हटलं. ‘दवाखान्यात मले म्हने, जिरं बरोबर पडे.’

बाबांचा हात घासावर थांबला. मान त्यांनी वर केली नाही. थोड्या वेळाने टोपलीतली भाकरी माझ्या ताटाकडे सरकवत म्हणाले, ‘घे. भाजी आनखी हाय.’